तीस मेचं गाऱ्हाणं

"बाबाजी, गाऱ्हाणा जरा थोडक्यात घाल हां," श्रीनाथ शेट चपला काढता काढता म्हणाले. "पेट्यांतलो बर्फ विरघळता."

"व्हय, शेटांनू," बाबाजी म्हणाला. गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा घाडी तो; देवासमोर जाऊन उभा राहिला.

मागे सभामंडपात बारा खाटा मांडल्या होत्या. खांबांना शेटांच्या रक्तपेढीचे कापडी फलक बांधले होते. गोवा राज्य झालं तेव्हापासून दर तीस मेला पार्से गावात हे रक्तदान शिबिर भरत असे. आधी देवाला गाऱ्हाणं, मग सुई. बाबाजीनं देवाच्या कानावर घातल्याशिवाय गावातला एकही मुलगा खाटेवर आडवा होत नाही, हे शेटांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून ते दरवर्षी बाबाजीसाठी शाल आणत. आजची शाल त्यांच्या हातात होती.

बाबाजीच्या एका हातात नारळ होता. दुसऱ्या मुठीत एक छापील चिठ्ठी होती, रक्ताच्या पिशवीवरून सोडवलेली. तिच्यावर रक्तगट, गावाचं नाव आणि तारीख. गाव पार्से. तारीख गेल्या वर्षीची तीस मे.

गेल्या जूनमध्ये त्याची बायको प्रभावती ऑपरेशनच्या टेबलावर होती. दोन पिशव्या रक्त हवं होतं. बाबाजीनं शेटांच्या पेढीवर कार्ड दाखवलं. 'एकदा रक्त द्या, घरच्यांना जन्मभर फुकट' असं सांगून शेटांनी ती कार्डं याच मंडपात वाटली होती. खिडकीतला कारकून म्हणाला, ती योजना बंद झाली. खिशात होते तेवढ्या पैशांत एकच पिशवी आली. दुसरीसाठी तो गावी आला, मुलीच्या बांगड्या मोडल्या, परत गेला. पिशवी घेऊन दवाखान्याचा जिना चढला तेव्हा प्रभावतीच्या तोंडावर चादर ओढलेली होती. त्याच्या हातातली पिशवी अजून गार होती. ही चिठ्ठी तिच्यावरचीच.

"बाबा," कुसुम हळूच त्याच्या मागे येऊन उभी राहिली. बापाची मूठ तिनं सकाळीच पाहिली होती. "आपल्या पदरचा काय घालू नको. गाऱ्हाणा खोटा पडला तर घालणाऱ्यारच उलटता."

"उलटू दी. त्या पोरांका खाटीर कोणी झोपयल्यान? मीच."

कुसुम मागे सरकली.

बाबाजीनं नारळ वर धरला. मंडपातल्या सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला.

"आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात जमली आसत. वाडवडलांपासून सांभाळलंस, तशीच पुढे सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला होकार देताना कोणी शब्द ऐकत नाही. घाड्याचा आवाज थांबला की तोंडातून आपोआप निघतं. शेटांचा होकार दरवर्षी सगळ्यांच्या वर असे. आजही होता. कोपऱ्यातल्या फोटोग्राफरकडे त्यांनी थोडी मान वळवून ठेवली होती.

"जो कोण आपला रगत दुसऱ्याचो जीव वाचवूक देता, तेच्या घरात कधी उणा पडू नये."

"व्हय म्हाराजा."

बापजाद्यांकडून आलेले शब्द इथे संपत. इथे नारळ देवापुढे ठेवायचा. चाळीस वर्षांत बाबाजीनं त्यात स्वतःचा एक शब्द मिसळला नव्हता. नारळ वरच राहिला.

"आणि बा म्हाराजा, तुझ्या दारात फुकट घेतलेला रगत जेणी बाजारात बसान विकल्यान..."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला. दोन-चार जणांनी डोळे उघडले.

"जेणी स्वतः छापलेला कार्ड खिडकीतसून परत फेकल्यान..."

"व्हय म्हाराजा." आवाज अर्ध्यावर आले होते. बाह्या दुमडून बसलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"तेच्या घरात जेव्हा रगताची गरज लागात, तेव्हा तेच्या हातात तेचाच कार्ड दी. आणि ती खिडकी तेच्यासमोर बंद ऱ्हवांदे. माझा खोटा असात, तर ह्या सगळा माझ्या माथ्यार घाल."

मंडपात कोणी हूं की चूं केलं नाही. फोटोग्राफरनं बोटानं खूण केली होती, शेट हनुवटी वर करून त्याच्याकडे बघत होते. बाबाजीचा आवाज थांबलेला तेवढा त्यांना कळला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. एकटेच. मोठ्यानं.

मग त्यांनी मान वळवली. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता.

बायकांच्या बाजूनं म्हाताऱ्या सुमंगलानं पदर सावरला आणि एकेक शब्द तोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा." तिच्या मागून सगळा मंडप म्हणाला. या वेळी ऐकून म्हणाला.

बाबाजीनं ती चिठ्ठी देवापुढे ठेवली. तिच्यावर नारळ ठेवला, कुंकू लावलं, तीर्थ शिंपडलं. क्षणभर थांबून त्यानं नारळ उचलला. भिजलेली चिठ्ठी नारळाला खालून तशीच चिकटून आली. तो पायऱ्या उतरून शेटांसमोर उभा राहिला.

"घेवा शेटांनू. पयलो प्रसाद तुमचो."

शेटांनी चिठ्ठी बघितली. तारीख वाचली. देवाच्या दारात, सगळ्या गावासमोर, प्रसादाला नको म्हणता येत नाही.

त्यांनी शाल काखेत धरली आणि दोन्ही हात पुढे केले.