कावळ्याचं पान

कुमुदिनीबाईंचा साप्पोरोतल्या जावयाच्या घरी शेवटचा दिवस होता. मुलगी सहा महिन्यांपूर्वी गेली होती आणि तिच्या चार वर्षांच्या हानाला मराठी येत नव्हतं.

आजी-नात चित्रांचं पुस्तक घेऊन बसल्या.

कुत्र्यावर बोट ठेवून आजी म्हणाली, "भू भू."

हाना खुदकन हसली. "वान वान!"

चिमणी आजीची "चिव चिव" करायची, हानाची "चुन चुन".

मग कावळा आला.

"काव काव."

"काऽ काऽ!" एकदाचं आजीशी जुळलं म्हणून हानाने टाळ्याच पिटल्या.

मुलीच्या दहाव्याला वाईच्या घाटावर कुमुदिनीबाईंनी तासभर अशाच हाका मारल्या होत्या. कावळा पिंडाला शिवलाच नाही.

हाना आनंदाने ओरडतच राहिली. तिला "थांब" म्हणायला आजीकडे शब्द नव्हता.