नकाशात नसलेली गल्ली

गल्ली संपली आणि पुढे खाडी लागली, तेव्हा मगनने रिक्षा मागे घ्यायला मान वळवली. मागे पाण्याची चार पिंपं आडवी पडली होती. ती पाडणाऱ्या बायका त्यांच्या पलीकडे उभ्या होत्या.

काचेवरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालूच होता. कंपनीच्या नकाशात नसलेला रस्ता रिक्षावाल्याने फिरून दाखवायचा आणि कंपनीने त्याच्या मोबाइलवर बक्षीस टाकायचं, असा सरळ व्यवहार होता. नवागामातली ही गल्ली नकाशावर कोरी होती आणि कोऱ्या गल्लीला बक्षीस तिप्पट. भर दुपारी पुरुष कापडाच्या लूमवर गेलेले, रस्ता मोकळा. मगन खुशीत आत शिरला होता.

"शुं छे आ?" त्या बायकांतून पुढे आलेल्या शोभाने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

मगन त्याच शहरातल्या डिंडोलीत वाढला. घरात अहिराणी, पण रिक्षात बसला की गुजराती. अनोळखी माणसापुढे गुजराती बोललं की आपलं वजन पडतं, असा त्याचा वीस वर्षांचा समज.

"कांई नथी, बेन. नकशा माटे फोटा लईए छीए."

आम्ही फोटो घेतोय, म्हणाला. होता एकटा, पण बोलला साऱ्या ऑफिसच्या वतीने. तिथेच त्याने स्वतःचा घात करून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात खाडीच्या पलीकडच्या काठावर असाच एकजण फोटो काढून गेला होता. तोही असाच गोड बोलला होता. दीड महिन्यात बुलडोझर आला. तिथून उठलेली सात कुटुंबं आता या गल्लीत पत्र्याखाली राहत होती. शोभाचं त्यातलंच एक.

तिने कपडे धुण्याचं धोपाटणं उचललं आणि काचेवर घातलं. दुसऱ्या फटक्यात कॅमेरा खाली आला. तो उचलायला मगनने हात पुढे केला, तर तिसरा फटका मनगटावर बसला. हाड मोडल्याचं त्याला ऐकूच आलं. मग कोणीतरी त्याची कॉलर धरली आणि त्याला बाहेर ओढलं. चपला, कळशी, विटेचा तुकडा, ज्या बाईच्या हाताला जे लागलं ते तिने मारलं. भीतीने पिसाळलेल्या माणसाचा मार होता तो. त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. मगनचे पुढचे दोन दात मातीत पडले.

"चेहरा भूंसाई जाय छे, बेन!" तो ओरडला. "फोटामां कोईनो चेहरो नथी देखातो!"

"आनि घरं?" शोभा किंचाळली. "घरं ते दिखतस ना?"

ते अहिराणी शब्द कानी पडताच मगनला आईच भेटल्यासारखं झालं.

"मारू नका वं माय! मी आपलाज शे! डिंडोलीना शे मी!"

फटके थबकले. गल्लीतली सगळ्यात म्हातारी कलाबाई त्याच्या उशाशी होती, हातात वीट. तिने वीट खाली ठेवली.

"थांबा वं," ती म्हणाली. पदराने तिने त्याच्या डोळ्यावरचं रक्त पुसलं. "कोठला शे रे, दादा?"

"शिरपूरकडला, माय."

"मनं माहेर शे तठे." तिने शेजारी उभ्या पल्लवीला तांब्या आणायला सांगितलं, त्याची मान उचलून त्याला दोन घोट पाजले. पाणी लाल होऊन हनुवटीवरून गळलं. मगन रडत होता. जीव वाचला याचं त्याला रडू येत होतं.

"डिंडोलीमा घर सोतानं शे?"

"हा, माय."

"पक्कं?"

"हा, माय. स्लॅबनं."

कलाबाईने गल्लीतल्या पत्र्यांकडे पाहिलं. मग तिने त्याची मान हळूच खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तव्हय फोटा काढाले उना तो बी आपलाज व्हता," ती बायकांना म्हणाली. "याना तोंडमा फडकं कोंबा. आपली बोली कानवर पडनी का मना हात उठत नही."