काशाचा बूट

"तळ झिजलाय," असं म्हणत लितुगेनाने बोटाच्या पेराएवढा काशाचा बूट सेगोमार ओताऱ्यापुढे आपटला. या महिन्यातली ही तिची तिसरी खेप.

सेगोमारचं डोकंच फिरलं. "वहिनी, हा गळ्यात बांधायचा ताईत आहे! हा झिजेल कसा? आणि तोही..." पुढचे शब्द त्याने गिळले. मिठाच्या खाणीवरच्या अख्ख्या गावाने पाहिलं होतं. तिच्या सहा वर्षांच्या पोरीला मातीआड करताना हा बूट त्यानेच पोरीच्या गळ्यात बांधला होता.

"सकाळी उंबऱ्यावर सापडतो. चिखलाने बरबटलेला."

"मग दुसऱ्या कुणाचा असेल!" तो खेकसला खरा, पण दुसरा असणं शक्यच नव्हतं. ओतकाम झालं की मातीचा साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एकासारखा दुसरा बूट त्याच्या हातून कधीच झाला नव्हता. शिवाय घोट्यापाशी त्याच्याच अंगठ्याचा ठसा होता.

दोनदा त्याने जाड तळ बसवून दिला होता. दोनदा नवरा-बायकोने बूट पुन्हा नेऊन पुरला होता.

"आता पुरे! दादाला सांगा, थडग्यावर चांगला धोंडा ठेव म्हणावं. माझं डोकं खाऊ नका."

तिने बूट उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. भरीव कासं चवड्यापाशी फुगून तडकलं होतं, आतून कुणी रेटल्यासारखं.

"तळाचं राहू द्या, भावजी," ती समजुतीने म्हणाली. "या वेळी मापच जरा मोठं घ्या. पाय वाढलेत तिचे."