सालीचा पट्टा

सुनेने पायरीशेजारच्या संत्र्याच्या बुंध्यावरून बोट फिरवलं. लाकूड टेबलाच्या फळीसारखं गुळगुळीत लागलं. वीतभर रुंदीचा पट्टा, चहूबाजूंनी सारखा, कडा गुण्या लावून कापाव्यात तशा सरळ. काम कसबी हाताचं होतं, यात शंका नाही. सासऱ्यांनी चाळीस वर्षं सुतारकी केली होती.

"मुंग्या चढत होत्या," सासरे म्हणाले. "सालीच्या भेगांत घर करतात मेल्या. म्हटलं, भेगाच नकोत. साल काढली, वरून पॉलिश पेपर मारला. आता चढून दाखवा म्हणावं!"

सून रोपवाटिकेत कलमं बांधायची. तिला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"कधी काढलीत?"

"मंगळवारी. चार दिवस झाले. एक तरी पान सुकलंय का बघ. उगाच तोंड पाडू नकोस."

संत्र्याचं झाड खरंच हिरवंगार होतं. त्यात सासऱ्यांचं तरी काय चुकलं? सुताराच्या लेखी साल म्हणजे लाकूड सुरू होण्याआधीचा केर. आयुष्यभर त्यांनी ती तासून फेकली होती आणि एकाही लाकडाने कधी तक्रार केली नव्हती.

"बाबा, पाणी लाकडातून वर जातं, म्हणून पानं हिरवी आहेत," ती म्हणाली. "पण पानं जे जेवण तयार करतात ते सालीतून खाली येतं. मुळांना दुसरी वाटच नाही."

सासऱ्यांनी मान वर केली. माडीच्या खिडकीतून एक दोरी लोंबत होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते तळमजल्यावर राहत आणि स्वयंपाकघर होतं वर. दोरीची कप्पी त्यांनीच बसवली होती. रोज साडेबाराच्या ठोक्याला सासूबाई टोपलीतून त्यांचा डबा खाली सोडत.

"म्हणजे मी दोरीच कापली."

"हो. आणि वरच्यांना पत्ताही नाही."

ते पायरीवर बसले.

"किती दिवस काढतील मुळं?"

"साठवलेलं पुरेल तेवढे. मग मुळं जातील आणि त्यांच्यामागून सगळं झाड."

सासरे उठले, आत गेले आणि काढलेली साल घेऊन आले. टाकून दिली नव्हती. ती सुकून सुरळी झाली होती. "ही परत चिकटवली तर?"

"मेली ती, बाबा."

"मग काहीतरी सांग ना! तुझं शिक्षण कशासाठी आहे?"

तिने कात्री काढली. झाडाच्याच शेंड्याकडच्या, पेन्सिलीएवढ्या जाड सात काड्या कापल्या. एक टोक उघड्या पट्ट्याच्या खालच्या सालीत खोचायचं, दुसरं वरच्या. पूल बांधायचे. जीव धरला तर धरला.

ती काडी कापे, तशी सासरे तिच्या हातातून घेत आणि कानावरची पेन्सिल काढून बुडाशी खूण करत.

"हे कशाला?"

"खांब उभा करताना मुळाकडची बाजू खाली ठेवायची. झाड जसं उभं होतं, तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे. इथे चालेल ना तसं?"

"तसंच लागतं," ती म्हणाली, आणि तिचा अर्धा राग तिथेच गेला. तिने चाकू त्यांच्या हातात दिला.

त्यांनी काड्यांची टोकं अशी तिरपी छाटली की सालीखाली सरकवल्यावर फट दिसेना. रोपवाटिकेत इतका सफाईदार सांधा तिने कुणाचा पाहिला नव्हता. पाचवी काडी तिने घाईत उचलली आणि लावायला घेतली, तोच ते ओरडले, "खूण बघ, खूण!" काडी उलटी होती.

"आता प्रत्येक टोकाला एक बारीक खिळा," ती म्हणाली.

सासऱ्यांनी हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"काय झालं?"

"लाखभर खिळे मारले असतील गं मी. पण जिवंत झाडाला नाही कधी."

"हळू मारा."

त्यांनी मारला. इतका हळू, की चार ठोके लागले. सात काड्यांचे चौदा खिळे होईपर्यंत त्यांची पाठ घामाने भिजली. सुनेने सांध्यांवर मेण लावलं आणि हात पुसले.

"कधी कळेल?"

"तीनेक आठवडे तरी. काडीवरचे डोळे फुगले की समजायचं, वाट सुरू झाली."

वर खिडकी करकरली. टोपली झुलत झुलत खाली आली. सासऱ्यांनी डबा काढला आणि पायरीवर ठेवला. झाकणाला हात लावला नाही.

"अहो, जेवा की!" वरून सासूबाईंचा आवाज आला. "निवतंय सगळं. वाट कुणाची बघताय?"

सासऱ्यांची नजर काड्यांवरून हलली नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "शेजारच्याचं जेवण अजून खाली आलं नाही."