कोरी ओळ

त्या मेकॅनिकला इंजिनातलं तेल बघून मालकाचा स्वभाव कळायचा. एकदा म्हणे त्याने नुसत्या फिल्टरवरून एका वैमानिकाचं लग्न मोडणार हे सांगितलं होतं, आणि ते मोडलंही. तर अशा माणसाने म्हाताऱ्या काकांच्या छोट्या विमानाचं इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला. आत गंज धरू लागला होता.

"काका, दर रविवारी येता, दहा मिनिटं जमिनीवरच इंजिन घुरघुरवता आणि बंद करून घरी जाता. त्यात तेल धड तापत नाही, आतला ओलावा आतच राहतो. एक तर तासभर उडवा, नाहीतर हातच लावू नका. दोन वर्षांत एकदाही वर गेला नाहीत. भीती वाटते का?"

"चाळीस वर्षं उडवतोय, भीती कसली?" काकांनी खिशातून उड्डाणाचा फॉर्म काढला. घड्या घालून घालून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. सगळं भरलेलं होतं. 'परत न आल्यास कोणाला कळवावे' एवढीच ओळ कोरी. "आधी हिचं नाव लिहायचो. ती गेल्यापासून दर रविवारी इथवर येऊन अडतो."

मेकॅनिकने तेलकट हातांनी फॉर्म ओढून घेतला आणि त्या ओळीत स्वतःचं नाव आणि नंबर लिहिला.

"आणि नातं काय लिहू?" काकांनी विचारलं.

"ते तुम्ही उतरल्यावर ठरवू. पण तासाच्या आत खाली आलात, तर माझ्याशी गाठ आहे."