ह्यांची आवडती रेकॉर्ड

नवरा गेल्यावर त्याचे मित्र तिला भेटायला आले. दर रविवारी ही मंडळी त्याच्यासोबत याच खोलीत आधुनिक पाश्चात्त्य संगीतकारांच्या रेकॉर्ड डोळे मिटून ऐकत. चहा अर्धाही झाला नव्हता, तोच त्यांच्यातल्या प्राध्यापकांची बोटं रेकॉर्डच्या शेल्फावरून फिरू लागली.

“वहिनी, तुम्हाला या संगीताचा पहिल्यापासून तिटकारा. या रेकॉर्ड आम्ही घेऊन जातो, जाणकारांकडे राहतील.”

तिला त्यांच्या या घाईची शिसारी आली.

“बसा, आधी ह्यांची आवडती ऐकू या,” म्हणत तिने सगळ्यात कर्कश रेकॉर्ड लावली. व्हायोलिनं किंचाळायला लागली, तशी एकेकाला कामं आठवली आणि खोली रिकामी झाली.

दार लावून ती परत येऊन बसली. तो आवाज आजही कानात खिळे ठोकत होता.

“अहो, जरा हळू करा ना,” ती सवयीने बोलून गेली.