आमच्या प्रतिनिधीकडून

“दहा वाजले! ऊठ आणि हे वाच,” म्हणत बाबांनी रविवारची पुरवणी शलाकाच्या नाकासमोर धरली. मास्तरकी सुटली तरी लाल पेन सुटलं नव्हतं. ‘आळशी, उधळी, कुठेच न टिकणारी तिशीतली पिढी’ या मथळ्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती.

शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. पानं छापायला पाठवून ती पहाटे घरी आली होती. आठ वर्षं याच वर्तमानपत्रात राबत होती. हा लेखही तिनेच लिहिला होता. संपादकांनी मथळा आधीच हातात ठेवून, “आता याला साजेसा मजकूर पाड,” म्हटलं होतं. अशा लेखांवर नाव छापायची पद्धत नव्हती, एवढंच काय ते नशीब!

“लिहिणारा जुना, मुरलेला माणूस दिसतोय,” बाबा म्हणाले. “शिक जरा त्याच्याकडून.”

ती आता सांगूनच टाकणार, तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

“लेख तुफान चाललाय. पुढच्या रविवारी ‘आईवडिलांशी न बोलणारी पिढी’ घे.”

“बरं.”

“कुणाचा गं फोन?” बाबांनी विचारलं.

“कुणाचा नाही,” म्हणत तिने पांघरूण डोक्यावरून ओढलं.